नवरीची बादली

हार्लो, ६ सप्टेंबर २००९

प्रिय मोनोंक रोझेर,

चुलत्याला आपल्या खोऱ्यातल्या फ्रेंचमध्ये 'मोनोंक' म्हणणारी या अख्ख्या कॅम्पसवर मी एकटीच असेन. आणि आता माझ्या दारावर पितळी पाटी लागली आहे : उपाध्यक्ष, संशोधन आणि आर्थिक विकास. म्हणजे करतेस काय, असं तुम्ही विचारणार. परवा विधानसभेच्या समितीनेही तेच विचारलं. कुणी समुद्रशेवाळापासून खत करतं, कुणी लाकडाच्या भुशातून इंधन काढतं. त्या सगळ्यांसाठी पैसे आणायचे, त्यांना काही गवसलं की विद्यापीठाच्या नावाने हक्क नोंदवायचे, ते हक्क कंपन्यांना द्यायचे, आणि त्यातून राज्याचं काय भलं झालं ते वर्षाअखेर सांगायचं. एका आमदाराने विचारलं, "बाई, या शेवाळातून माझ्या मतदारसंघात नोकऱ्या किती?" मी म्हटलं, अजून शेवाळच वाढतंय. सगळे हसले आणि मग पैसे कापले.

सप्टेंबर लागला की मला इथे करमत नाही. इथल्या मुलांना सांगितलं, की आमच्याकडे बटाटे काढायला शाळेला तीन आठवडे सुट्टी असते, तर ती थट्टा समजतात. माझ्या नाकात मात्र अजून तो ओल्या मातीचा वास असतो, पाठीत ती कळ असते. आई पहाटे डब्यात बकव्हीटच्या पिठाची धिरडी, आपले प्लॉय, गुंडाळून द्यायची आणि तुम्ही ट्रकच्या मागे आम्हा भावंडांना पोत्यांसारखं भरून न्यायचात.

मोनोंक, आता जे लिहायला बसले आहे ते लिहिते. बंद करायच्या केंद्रांची यादी विद्यापीठाच्या विश्वस्तांनी केली आहे आणि त्यात तुमचं बटाट्याच्या वाणांचं संशोधन केंद्र पहिलं आहे. तुम्ही निवृत्त झालात तरी रोज सकाळी तिथेच असता, म्हणून दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मी सांगते. मला जूनपर्यंत मुदत आहे. केंद्राने स्वतःचा खर्च स्वतः काढावा असं काही दाखवता आलं तरच ते वाचेल. मी हातपाय मारते आहे.

तुमची पुतणी,
जिनेट


सेंट-ओदिल, ४ ऑक्टोबर २००९

जिनेट पोरी,

तुझी पाटी पितळेची आहे हे वाचून बरं वाटलं. आमच्या केंद्राची लाकडी पाटी यंदा कुजून पडली, तेव्हा विश्वस्तांना सांग, निम्मं काम झालंय.

बातमी वाचली. नवीन प्रमुख डेनिस माझ्याआधी रडला, मग मला रडायला काही जागाच उरली नाही. मी बाहेर गेलो आणि ट्रॅक्टरचं तेल बदललं. बदलायची गरज नव्हती. चाळीस वर्षं ज्या मातीत उभा राहिलो ती कुणा परक्याची होणार, हे डोक्यात शिरायला वेळ लागतो. तुला मी दोष देत नाही. तू हातपाय मारतेस म्हणालीस, एवढ्यावर मी झोपतो.

काल नापास बटाट्यांची पंगत झाली. तुला आठवतं ना? वर्षभराच्या रोपांतून निवडून झालं की जे नाकारले ते फेकण्याआधी सगळ्यांनी मिळून खायचे, आपण कुणाला काढून टाकतोय ते जिभेला कळायला हवं म्हणून. प्रत्येक पातेल्यात नंबराची काडी. डेनिसच्या बायकोने पावाला लावायला डुकराच्या मांसाचे क्रेतों आणले होते. सात-चौदा पुन्हा सगळ्यात आधी संपला. तळला की काळा पडतो म्हणून चिप्सवाल्यांनी त्याला दर वेळी नापास केलं, पण भाजला की काय लागतो. तुझी काकू ल्युसिआन म्हणायची, हा पोरगा परीक्षेत नापास, संसारात पास.

त्याआधीच्या शनिवारी शेजारीण आंज-एमेच्या मुलीचं लग्न होतं. खोऱ्याच्या रिवाजाप्रमाणे पहिल्या बागेसाठी बियाण्याच्या बटाट्यांची बादली मीच दिली, फीत बांधून. नवरा मुलगा शहरातला, त्याला वाटलं खायला दिलेत. खूप हसलो.

यंदा तू आली नाहीस. पुढच्या सुट्टीला ये.

तुझा
रोझेर


हार्लो, १० जानेवारी २०१०

प्रिय मोनोंक,

बसला असाल तर वाचा, उभे असाल तर बसा. केंद्र वाचतंय बहुतेक.

बोस्टनजवळ एक कंपनी आहे, भाजायचे बटाटे मोठ्या हॉटेलांना विकते. तिला चवीचा, पिवळ्या गराचा, उन्हाळ्यापर्यंत टिकणारा बटाटा हवा होता. डेनिसने हळूच सगळ्या जुन्या वाणांचे नमुने पाठवले होते. त्यांनी कोणता निवडला सांगू? तुमचा सात-चौदा. नापासांच्या पंगतीतला. तो एकट्या त्यांनाच मिळावा, एवढी एकच अट आहे. बदल्यात पुढची दहा वर्षं केंद्राचा खर्च त्यांचा. विश्वस्तांचे अध्यक्ष काल मला जिन्यात भेटले आणि चक्क हसले. हा माणूस हसतो हे मला माहीत नव्हतं.

माझ्या ऑफिसात हक्क, करार, वाटाघाटी यांच्या फायलींचे ढीग आहेत मोनोंक, पण आजवर एकाही फायलीने मला लहान मूल केलं नव्हतं. सात-चौदा हा आकडा वाचला आणि मी कोठारात तुमच्या शेजारी उभी राहिले. तुम्ही तपासणीचा बटाटा कापून फळीवर ठेवायचात, आणि नेहमी खराब अर्धुक वर. मी एकदा चांगलं अर्धुक वर केलं तर तुम्ही पुन्हा उलटं केलंत. चिडून विचारलं तेव्हा म्हणालात, "वाईट बाजू वर ठेवली की माणूस स्वतःला फसवत नाही." मी नऊ वर्षांची असेन. पुढे किती अहवाल लिहिले, पण त्याहून चांगली शिकवण कुणी दिली नाही.

कंपनीचे लोक एप्रिलमध्ये केंद्र बघायला येतील. जेवण तुमच्याकडे.

आनंदाने वेडी झालेली,
जिनेट


सेंट-ओदिल, १९ जानेवारी २०१०

पोरी,

तुझं पत्र मी पोस्टातच उघडलं आणि तिथल्या रांगेला मोठ्याने वाचून दाखवलं. पोस्टवाल्या क्लेरने टपाल थांबवून टाळ्या वाजवल्या. बाहेर उणे तीस, आत सगळ्यांना घाम. डेनिस पुन्हा रडला. या माणसाला दोन्ही बाजूंनी रडता येतं.

पण खरं सांगू? बोस्टनवाल्यांना आज कळलं ते खोऱ्याला कधीचं ठाऊक आहे. उगाच का मी तोच बटाटा नवऱ्या मुलींना देत आलो? तुझ्या काकूनेच सुरुवात केली. केंद्राने नापास केला, टाकून द्यायचा होता, ती म्हणाली, अरे याच्या डोळ्यांभोवती बघ कसा गुलाबी आहे, नवरीसारखा लाजतोय. म्हणून 'मारिए', नवरी. इथे त्याला नंबराने कोण ओळखतं! बादली आधी दुसऱ्या बटाट्यांची असायची, ल्युसिआनने त्यात नवरी घातली. तुझ्याही लग्नात दिली होती, विसरलीस? पांढरी फीत होती. पॉलने ती गाडीच्या आरशाला बांधून ठेवली होती कितीतरी दिवस.

ती आज असती तर पाहुण्यांसाठी आतापासून पडदे धुवायला लागली असती. पडदे मी धुईन.

तुझा
रोझेर


हार्लो, २७ जानेवारी २०१०

मोनोंक,

तुमचं पत्र आलं आणि मी कोटसुद्धा न घालता तळघरात गेले. आमच्या बागेतले बटाटे तिथेच असतात. वर आणले, धुतले. डोळ्यांभोवती गुलाबी. कापले. पिवळा गर. इतकी वर्षं मी दर रविवारी कोंबडीबरोबर सात-चौदा भाजते आहे आणि त्याला 'मोनोंकचे बटाटे' म्हणते आहे. मी, या विद्यापीठाच्या सगळ्या शोधांची राखणदार.

तुम्ही हे काय केलंत? कंपनीला तो एकटीसाठी हवा आहे. जी जात आधीच गावभर लोकांच्या बागेत आहे ती एकट्या कुणाला कशी देणार? करारात मला सही करून सांगायचं आहे, की हा वाण केंद्राबाहेर कधीही, कुणालाही दिलेला नाही. कुणालाही, मोनोंक. तुम्ही तो नदीच्या अलीकडे-पलीकडे प्रत्येक लग्नात फीत बांधून दिलात.

रागावून लिहिते आहे, कळतंय मला. पण केंद्र वाचवायची एकच वाट होती.

कृपा करून यातलं कुणाला वाचून दाखवू नका.

जिनेट


सेंट-ओदिल, ५ फेब्रुवारी २०१०

जिनेट,

वाचून दाखवलं नाही. दोन दिवस स्वयंपाकघरात बसून होतो.

आम्ही टाकून द्यायची वस्तू दिली. जे विद्यापीठाने कचऱ्यात काढलं होतं ते विद्यापीठाचं असतं, हे आमच्या डोक्यात कधी आलं नाही. बटाटा उगवतो आणि शेजाऱ्याला देतात, एवढंच मला माहीत. आता तू सांगतेस तर कळतंय.

पण ऐक. यात इतकं घाबरायचं काय? कोण सांगणार बोस्टनला? तुझ्या आजोबांनी दारूबंदीच्या काळात बटाट्याच्या पिंपांतून कॅनडाची व्हिस्की आणली. सगळं खोरं जाणून होतं आणि सरकारच्या माणसाला प्रत्येक दारात फक्त सूप मिळालं. मी क्लेरला एक शब्द टाकतो. दुपारपर्यंत खोरं मुकं होईल. आंज-एमेची मुलगी विचारलं तर सांगेल की तिच्या बागेत गाजरं आहेत.

केंद्र राहिलं पाहिजे. डेनिसला तीन मुलं आहेत. आणि मी रोज सकाळी जातो कुठे, त्याशिवाय? घरी ल्युसिआनची खुर्ची आहे.

तू सही कर.

रोझेर


हार्लो, १४ मार्च २०१०

प्रिय मोनोंक,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही ठरत नव्हतं. आता ठरलं. मी सही करणार आहे.

पॉल म्हणाला, करू नकोस. आपल्या लेकीचं, कोलेटचं, जूनमध्ये लग्न आहे आणि आईने खोटं लिहिलेलं तिला चालेल का, वगैरे. मी म्हटलं, तू डेनिसकडून केंद्राची किल्ली काढून घ्यायला जा, मग बोल. त्या दिवसापासून आमच्या टेबलावर बटाटे नाहीत. तो पास्ता करतो. वाईट करतो.

एक गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी. करार झाला, की हा वाण कंपनीचा. पुढे कधी त्यांना कळलं, तर बागेतली नवरी उपटा असं सांगायचा हक्क त्यांना असेल. आंज-एमेलाही आणि मलाही. मी धरून चालले आहे, की कळणार नाही. मी या खुर्चीवर बसून आता अशा गोष्टी धरून चालते.

अठरा वर्षांची असताना खोरं सोडून निघाले तेव्हा बसच्या खिडकीतून तुम्ही मला एक सफरचंद आणि एक बटाटा दिला होता. बस निघेपर्यंत मी हसत होते, नंतर रडले. ती मुलगी कुठे गेली, असं हल्ली फार वाटतं.

पाहुणे अकरा एप्रिलला येतील. मीही त्यांच्याबरोबर असेन. सही करून कागद बरोबर आणते, जेवण झालं की त्यांच्या हातात देते. तुम्ही फक्त चांगलं भाजून वाढा. लग्नांचा विषय नको.

तुमची,
जिनेट


सेंट-ओदिल, १८ एप्रिल २०१०

जिनेट,

तू गाडीत बसताना माझ्याशी बोलली नाहीस. बरोबरच आहे. म्हणून लिहितो.

मी म्हातारा झालो. दोन घोट वाइन जास्त झाली. त्या कंपनीच्या बाई, मिसेस हॅलोरन, फार गोड बोलत होत्या. तिसऱ्यांदा वाढून घेतलं आणि म्हणाल्या, असा बटाटा मी आयुष्यात खाल्ला नाही, माझ्या मुलीचं पुढच्या महिन्यात लग्न आहे, तिला खायला घालायला हवा. आता कुणी असं म्हटलं, तर माणसाने काय करायचं? मी उठलो, कोठीतून बादली आणली, फीत बांधली आणि त्यांच्या पायाशी ठेवली. म्हटलं, न्या, इथे सगळ्याच नवऱ्या मुलींना देतो. तुझ्या काकूपासून सांगितलं. कुणाकुणाला दिली ते आठवेल तसं सांगत गेलो, तुझ्या नावापर्यंत. डेनिस टेबलाखालून लाथा मारत होता, पण मला वाटलं कुत्रं आहे.

बाई शांतपणे ऐकत होत्या. शेवटी त्यांनी बादली घेतली, हे मला आवडलं. करार करणार नाहीत, पण बादली घेतली.

जीभ घसरली, पोरी. म्हाताऱ्याची घसरते. विश्वस्तांना तसंच सांग, सगळा दोष माझ्यावर घाल. मला आता कोण काढून टाकणार?

पडदे मात्र स्वच्छ होते, ते तू पाहिलंसच.

रोझेर


हार्लो, ६ जून २०१०

प्रिय मोनोंक,

काल विश्वस्तांची सभा झाली. केंद्र बंद करायचं ठरलं. डेनिस आणि दोघं तंत्रज्ञ इकडे हार्लोला येतील, तेवढं मी भांडून मिळवलं. जमीन विकतील. मी हे तुम्हाला फोनवर सांगू शकले नसते.

आता दुसरं. मोनोंक, मी तुम्हाला पन्नास वर्षं ओळखते. ईस्टरच्या जेवणात सगळे पिऊन गात असतात तेव्हा तुम्ही भांडी पुसत असता. आयुष्यात तुमची जीभ कधी घसरलेली नाही. आणि त्या घरात कुत्रं नाही. ल्युसिआनकाकू गेली त्याआधीच ते मेलं.

तुम्ही बादली आणायला उठलात तेव्हा सही केलेला कागद खुर्चीच्या पाठीला टांगलेल्या माझ्या पर्समध्ये होता. तुम्हाला ठाऊक होतं, मीच मार्चमध्ये कळवलं होतं, त्या बसमधल्या मुलीसकट. जेवण संपायची मी वाट बघत होते. तुम्ही ते संपूच दिलं नाहीत. तुम्ही खराब अर्धुक वर केलंत, माझ्यासाठी, सगळ्यांच्या देखत, आणि त्यासाठी स्वतःचं केंद्र दिलंत. मी गाडीत बोलले नाही ते रागाने नव्हे. तोंड उघडलं असतं तर मिसेस हॅलोरनसमोर हमसून रडले असते. तो कागद मी वाटेत पेट्रोलपंपावर फाडला.

सभेत मी सगळं सांगितलं, माझ्या सहीसकट. पाटी अजून दारावर आहे, का ते मला कळत नाही. अध्यक्षांनी फक्त विचारलं, "मग त्या बटाट्याचं काय करणार?" मी म्हटलं, तो आता कुणाला विकता येत नाही, तर सगळ्यांना देऊ. विद्यापीठ तो खुला जाहीर करतंय. ज्याला लावायचा त्याने लावावा, बियाणं करून विकायचं त्याने विकावं. खोऱ्यातल्या चार शेतकऱ्यांनी आताच विचारणा केली आहे. नाव द्यायचा मान केंद्राचा होता. केंद्रच उरलं नाही, म्हणून मी दिलं : ल्युसिआन. नाव नोंदवायच्या अर्जावर कारण विचारतात. मी लिहिलं, संसारात पास.

कोलेटचं लग्न पुढच्या शनिवारी. तुमची खुर्ची पहिल्या रांगेत आहे. रिकाम्या हाताने येऊ नका.

तुमची,
जिनेट


सेंट-ओदिल, १२ सप्टेंबर २०१०

जिनेट पोरी,

लग्नात मी नीट बोललो नाही, नाचायलाच जास्त लावलंत मला. पॉलने फीत पुन्हा गाडीला बांधली हे पाहिलं.

केंद्राच्या फाटकाला साखळी लागली. पहिल्या सकाळी मी सवयीने गेलो, साखळीपाशी उभा राहिलो आणि परत आलो. दुसऱ्या सकाळीही गेलो. आठवडाभर गेलो असेन. मग एकदा परत येताना आंज-एमेने हाक मारली, म्हणाली, माझ्या नवरीच्या पानांवर डाग दिसतायत, बघून जा. पाहिलं, काही नव्हतं, उन्हाचे डाग. तिथून पुढच्या घरी, मग तिसऱ्या. प्रत्येकीच्या बागेत काही ना काही बिघडलेलं निघतं, आणि प्रत्येकीच्या घरी कॉफी असते. मला काय कळत नाही का, की क्लेरने पोस्टात शब्द टाकलाय? खोरं व्हिस्की लपवतं तसं हेही लपवतं. मी कळल्याचं दाखवत नाही.

तर आता रोज सकाळी मी जातो. फाटकापुढे नाही, त्याच्या अलीकडे डावीकडे वळतो.

सोमवारपासून शाळेला बटाट्यांची सुट्टी. घरामागे ल्युसिआनच्या ओळी काढायच्या आहेत, माझी पाठ आता एकट्याने वाकत नाही. तू ये. कोलेटला आणि तिच्या नवऱ्यालाही आण, शहरातला म्हणून त्याच्यावरही आम्हाला हसायचं आहे. जुनी वेताची टोपली मी माळ्यावरून काढली, तिच्यावर अजून तुझा वेचणीचा नंबर आहे.

नापासांची पंगत यंदा माझ्याकडे. नापास असा एकच उरलाय, आपला सात-चौदा, पण पातेली सगळी मोठी काढली आहेत.

तुझा
मोनोंक